आत राहिलेली हवा

कामाच्या पहिल्या दिवशी काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी अकोला म्हटलं. त्यांनी मान तिरकी केली आणि माझ्याकडे बघायच्या ऐवजी कान लावला. माझे दोन-तीन श्वास ऐकले असतील.

"लहानपणी काहीतरी गिळलंय आपण. उजवीकडे गेलं होतं."

"नाही जी."

"'नाही जी' नाही. घरी विचारा."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यात येऊन आठवडा झाला होता, आणि इथली माणसं पहिल्याच भेटीत समोरच्याला गार करतात एवढं ऐकून आले होते. हा त्यातलाच प्रकार म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी फोनवर आईला गंमत म्हणून सांगितलं, तर आईचा आवाज एकदम बदलला.

"तुले कोनं सांगतलं?" ती म्हणाली.

मी दीड वर्षाची असताना चिंचोका गिळला होता. तो श्वासात अडकला, मी निळी पडले, आणि डॉक्टरांनी दुर्बीण घालून तो काढला. पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही, असं आजोबांनी सगळ्यांना बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती छातीभर ओढणी गुंडाळूनच. या माणसाला माझ्या आतलं आणखी काय काय ऐकू येत असेल, याची मला भीती वाटली होती. खरं सांगायचं तर ती पुढे कधी पूर्ण गेलीच नाही.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागाचं एक संग्रहालय आहे. काका तिथले तंत्रज्ञ, आणि मी त्यांच्या हाताखाली नवी लागलेली मदतनीस. ते डॉक्टर नव्हते, पण विभागातला एकही डॉक्टर त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नसे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही तेच म्हणायची. ते मला 'विदर्भ' म्हणायचे. "या विदर्भ. आज श्वास बरोबर आणलात की घरी राहिला?" वीस वर्षांत माझं नाव त्यांनी हजेरीपुस्तकाबाहेर कधी घेतलं नाही.

काकांचं काम म्हणजे माणसाच्या श्वासाच्या वाटांची झाडं करणं. देहदानात आलेल्या माणसाची फुप्फुसं घ्यायची, वरच्या नळीतून रंगीत रेझिन ओतायचं, ते आत घट्ट झालं की सगळं ॲसिडच्या हौदात ठेवायचं. मांस विरघळून जातं आणि ज्या वाटांनी तो माणूस जन्मभर श्वास घेत होता, त्या तेवढ्या उरतात. एक खोड, त्याच्या दोन फांद्या, त्यांच्या डहाळ्या, आणि शेवटी केसाइतक्या बारीक काड्या. काका असेपर्यंत आमच्या संग्रहालयात अशी एकेचाळीस झाडं होती. पुस्तकात खोड वर असतं आणि फांद्या खाली. काका मात्र ती उलटी, म्हणजे झाडासारखी सुलटी ठेवायचे. एका तपासणीसाने यावर हरकत घेतली, तेव्हा काका म्हणाले, "माणूस आडवा झाल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं?" तपासणीस पुढच्या कपाटाकडे वळले.

नावांच्या बाबतीत ते फार कडक होते. मोठी नळी ती श्वासनाल, तिच्या दोन फांद्या त्या श्वसनी, आणि त्यांच्या पुढच्या बारीक वाटा त्या श्वसनिका. कुणी विद्यार्थ्याने झाडाकडे बोट दाखवून 'ब्राँकस' म्हटलं की काका त्याला दाराबाहेर नेऊन उभं करायचे. "परीक्षेत तेच लिहा. इथे आत श्वसनी म्हणा. ही माणसं कसब्यातली, खडकीतली, लोणीतली. यांना घरच्या भाषेत हाक मारा." पोरं हसायची. पण आत गेल्यावर आवाज खाली यायचा त्यांचा, हे मी बघितलेलं आहे.

दोन श्वसनींबद्दल ते अगदी सुनांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "उजवी सरळ, रुंद, भोळी. वाट चुकलेलं सगळं तिच्याकडे जातं. डावी अंग चोरून राहते. शेजारी हृदय राहतं ना." या भोळेपणाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पत्र्याची एक डबी होती. देहांच्या उजव्या श्वसनीत सापडलेल्या वस्तू त्यात होत्या. शेंगदाणा, कवळीचा तुकडा, सदऱ्याचं बटण. आणि एक काळा मणी, मंगळसूत्राचा. तो एका ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या छातीत मिळाला होता. कुणाचा मणी, त्याच्या आत कसा गेला आणि त्याने तो किती वर्षं आत सांभाळला, हे मी अनेकदा विचारलं. काका म्हणायचे, "ज्याचं त्याला ठाऊक. झाकण लावा."

बोलण्याची त्यांची एक पद्धत होती. एका श्वासात मावेल तेवढंच बोलायचं. वाक्य मध्येच अडकलं आणि श्वास संपला, तर ते तिथेच टाकून द्यायचे, पुन्हा उचलायचे नाहीत. "मावलं नाही म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं." पुण्यातल्या माणसांच्या तुटक बोलण्याला एवढं शास्त्रीय कारण मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. गंमत अशी की ते मुळात पुण्याचे नव्हतेच. लोणी काळभोरचे होते, वीस वर्षांचे असताना शहरात आले आणि नारायण पेठेतल्या एका खोलीत राहून मूळच्या लोकांना लाजवतील इतके पुणेरी झाले. लग्न केलं नाही. गावी एक धाकटा भाऊ होता, त्याचं नाव निघालं की मात्र त्यांचा चेहरा थोडा सैल व्हायचा.

मला त्यांनी शिकवलं तेही त्यांच्याच तऱ्हेने. एका रविवारी मार्केट यार्डात बोलावलं. मला वाटलं, भाजी घेऊन देणार असतील. त्यांनी मला मिरचीच्या गाळ्यांसमोर चहाच्या टपरीवर बसवलं. समोर लाल मिरचीची पोती उतरत होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण खोकत होता. काकांनी डोळे मिटले. "हा वरचा खोकला, श्वासनालेतला. हा श्वसनीतला, जरा जड. आणि हा..." पन्नाशीचा एक हमाल पोतं टाकून वाकला होता. "हा अगदी तळाचा. सहा महिने." मी विचारलं, सहा महिने काय? त्यांचा श्वास संपला होता. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तो हमाल दिसला नाही, आणि काकांनीही चौकशी केली नाही.

आता त्यांची मुख्य रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलेलं आहे. माणूस मरतो तेव्हा त्याची सगळी हवा बाहेर जात नाही. थोडी आत राहतेच, बारीक वाटांमध्ये. म्हणून तर फुप्फुस पाण्यात टाकलं तरी तरंगतं. यात गूढ काही नाही, पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे शिकवतात. रेझिन नीट भरायचं तर ही हवा आधी काढावी लागते, नाहीतर बुडबुडा राहतो आणि पुढच्या फांद्या तयार होत नाहीत. म्हणजे कामाचाच भाग आहे तो. पण काका ते काम ज्या पद्धतीने करायचे, ते बघताना माझ्या अंगावर काटा यायचा.

आधी पंखा बंद. मग खिडकी सताड उघडायची. पाण्याने भरलेल्या मोठ्या ट्रेमध्ये फुप्फुसं ठेवायची आणि दोन्ही तळव्यांनी खालून वर, अगदी हळू दाबत यायचं. नळीच्या तोंडातून बुडबुडे निघायचे. आधी मोठे, मग मोहरीएवढे. काका एकेक बघायचे. शेवटचा फुटला की खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "निघा आता. खूप थांबलात." आणि काही वेळ आम्ही दोघं नुसते उभे राहायचो, कुणाला तरी दारापर्यंत सोडायला गेल्यासारखे. श्वासनाल ते नेहमी स्वरयंत्राच्या खाली कापायला लावत. स्वरयंत्र जोडलेलं असलं तर हवा बाहेर येताना आवाज होतो. "हवा जाऊ दे. बोलणं नको," एवढंच ते म्हणायचे.

सतरा नंबरचं झाड त्यांच्या आधीच्या माणसाने घाईत केलेलं आहे. त्याच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढा बुडबुडा आहे. "हा राहिला आत," असं काकांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. दर सोमवारी ते त्या कपाटाचं दार तासभर उघडं ठेवायचे. त्या कपाटाची काच आतून धुरकट होते. ओल असेल. बाकीची कपाटं त्याच भिंतीला लागून आहेत आणि त्यांच्या काचा स्वच्छ असतात, पण तरी ओलच असेल, असं मी बरीच वर्षं म्हणत होते.

काका निवृत्त झाले तरी रोज यायचे. मग कोरडा खोकला सुरू झाला. इतकी वर्षं ॲसिडच्या वाफेत काढलेली. त्यांनी स्वतःच स्वतःला ऐकलं आणि मला सांगितलं, "दोन्ही तळ कडक झालेत." नंतर डॉक्टरांनी फोटो काढून तेच सांगितलं. मी त्यांच्या पाठीला कान लावला होता. चपलेची चिकटपट्टी हळूहळू सोडवावी तसा आवाज येत होता. वाक्यं तोकडी होत गेली. आधी सहा शब्दांची, मग चारची, मग दोनची. पद्धत मात्र त्यांनी सोडली नाही. मावलं तेवढंच बोलायचे.

नारायण पेठेतल्या त्यांच्या खोलीवर ऑक्सिजनचं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी मला देहदानाचा फॉर्म घेऊन बोलावलं. नातेवाईकाची सही लागते म्हणून भाऊही आले होते. सत्तरीचे शेतकरी, पांढरा सदरा, खुर्ची असून दाराशी उकिडवे बसलेले.

"तुम्हीच करा," काका मला म्हणाले. मग श्वास घेतला. "हवा. पूर्ण." पुन्हा श्वास. "घाई नको."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. "काय म्हनतोय त्यो?"

मी सगळं समजावलं. त्यांनी न हलता ऐकून घेतलं.

"म्हंजी आगीत न्हाई, मातीत बी न्हाई," ते म्हणाले. "मग सुटायचा कसा? आमची आई, ताई, दोन दिस घुरघुरत व्हती. आत काय अडकलं व्हतं त्ये सुटंना. ह्यो तवा तिच्या उशाला बसल्याला. तवापास्नं ह्याला ह्ये याड हाय."

काकांनी डोळे मिटून घेतले. मला वीस वर्षांत ही गोष्ट माहीत नव्हती.

"सही करतो मी," भाऊ म्हणाले. "पर तुम्ही शब्द द्या. ह्याला नीट सोडवनार?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला.

निघताना मी काकांना एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता, पण पुन्हा संधी मिळेलसं वाटत नव्हतं. म्हटलं, "काका, मला जमलं का हो हे काम? कधी काही बोलला नाहीत." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. सगळा जोर लावून श्वास आत घेतला आणि म्हणाले, "विदर्भ, तुम्ही..." आणि श्वास संपला. मी थांबले. यंत्राचा घरघर आवाज येत होता. त्यांनी हाताने 'राहू दे' अशी खूण केली. मावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं, घशात नळी घातली, आणि एकवीस दिवसांनी, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ते गेले.

त्या एकवीस दिवसांत मी दुसरा विचार केला नाही. तुम्ही काय? तुम्ही बरं काम करता? तुम्ही शिकलाच नाहीत? आई अकोल्याहून फोन करून 'जेवली का' विचारायची आणि मी 'तुम्ही'च्या पुढचा शब्द शोधत असायची. मला त्या माणसाची माया होती. बापाइतकी होती, हे आता लिहायला लाज वाटत नाही.

त्याच बुधवारी दुपारी देह विभागात आला. फुप्फुसं काढायला आमचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "स्वरयंत्राच्या खाली ना?"

"वरून घ्या," मी म्हटलं. "स्वरयंत्रासकट."

"काका तर..."

"या वेळी पोरांना पूर्ण दाखवायचंय."

ते कापत असताना मी ट्रेमध्ये पाणी भरलं. नंतर विभागात सगळ्यांनाही मी हेच कारण सांगितलं. ते खरं नव्हतं. मला त्यांचा आवाज हवा होता. हवेतून शब्द येत नाहीत, जीभ लागते, ओठ लागतात, हे मला पोरांपेक्षा जास्त कळतं. तरीही हवा होता.

डॉक्टर गेले. मी पंखा बंद केला, खिडकी उघडली. बाहेर दुचाकी लावायच्या जागेवर कुणीतरी हॉर्न देत होतं. एरवी आम्ही नळीचं तोंड पाण्यात ठेवतो. मी ते पाण्याबाहेर, ट्रेच्या कडेवर टेकवलं. मग तळवे खाली ठेवले आणि हळू दाबत वर आले.

आवाज आला. घोगरा, लहान, पण काकांचाच. शब्द नव्हता त्यात. बोलायला सुरुवात करण्याआधी ते घशात जो आवाज करायचे, तेवढाच होता. माझे हात आपोआप सुटले. आणि कडक झालेली ती फुप्फुसं, दाबलेला स्पंज सोडावा तशी फुगली. त्यांनी खोलीतली हवा आत घेतली. मी ती आत जाताना ऐकली. एक लांब श्वास, सगळा जोर लावून घेतलेला.

मग शांत. ट्रेमधलं पाणी हललं आणि थांबलं.

पुन्हा दाबायला हवं होतं. श्वास तयार होता, मी हात ठेवण्याचाच अवकाश होता. त्या क्षणी माझी खात्री होती, आजही आहे, की मी दाबलं असतं तर मला उत्तर मिळालं असतं. आणि ते ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. बरं असतं तरी नव्हती. मी पाच मिनिटं उभी राहिले. मग खिडकी लावून घेतली, रेझिन कालवलं आणि ओतलं. ते पंधरा मिनिटांत घट्ट होतं.

झाड फार सुंदर झालं. वरचा भाग तर विभागातल्या कुठल्याही झाडापेक्षा रेखीव. डाव्या तळाला मात्र तीन फांद्या नाहीत, आणि त्यांच्या जागी बोराएवढा बुडबुडा आहे. विभागप्रमुखांनी पाठीवर थाप मारली, म्हणाल्या, काका असते तर खूश झाले असते. मी ते बेचाळीस नंबरच्या जागेवर ठेवलं, बुडबुड्याची बाजू भिंतीकडे करून.

दोन महिन्यांनी भाऊ आले. लोणीहून बसने, एकटेच. चपला बाहेर काढून आत आले, बराच वेळ झाडासमोर हात जोडून उभे राहिले. देवळात बोलावं तशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "नीट गेला न्हवं?"

"गेले," मी म्हटलं.

"समदी हवा निघाली?"

"निघाली."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. डोळे पुसले त्यांनी सदऱ्याच्या बाहीने. म्हणाले, रोज झोपताना त्यांच्या छातीवर वजन असायचं, आज उतरलं. मग खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली आणि घड्या नीट करून माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"माझा बी फॉर्म भरून घ्या, ताई. पोराला सांगितलंय म्या, त्यो सही करंल. म्हनलं, आगीत घालू नगा. पुण्याला त्या ताईंच्या हातात द्या. त्यांच्या हातनं मानूस सुटतो."

नाही म्हणण्यासाठी मला खरं सांगावं लागलं असतं. मी ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला, सही कुठे करायची तिथे फुली मारली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.